मान हलवलेली चालणार नाही

माझे बाबा लग्नं लावायचे. नोकरी पोस्टात, पण रविवार आणि लग्नसराई आमच्या नागपूरच्या वस्तीच्या नावावर. आम्ही बौद्ध. आमच्यात भटजी नसतो. लग्न, बारसं, मयत, सगळं बौद्धाचार्य करतात, आणि बौद्धाचार्य म्हणजे नोकरी करून संसार ओढणारा साधा माणूस, ज्याला विधी येतो आणि ज्याचं लोक ऐकतात. बाबा पांढरा सदरा, पांढरी पँट घालून, पिशवीत मेणबत्त्या आणि अगरबत्त्या टाकून निघायचे. दक्षिणा घेत नसत. जेवायला मात्र थांबत, आणि मटण जमलं नसेल तर तसं यजमानाच्या तोंडावर सांगून येत.

त्यांचा एक नियम होता आणि त्यापायी ते वस्तीत बदनामही होते. लग्नाआधी ते नवरीला एका खोलीत न्यायचे, तिची आई, मावशा, करवल्या सगळ्यांना बाहेर काढायचे, दार लोटून घ्यायचे आणि विचारायचे, "तुला हे लग्न करायचंय का?" नवरी मान हलवायची. दुसरं काय करणार? बाबा म्हणायचे, "मान हलवलेली चालणार नाही. तोंडानं बोल." तीनदा विचारायचे. तीनदा का, याचं त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. आमच्या वंदनेत त्रिशरण असतं, बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण जाण्याची तीन पाली वाक्यं. प्रत्येक वाक्य 'गच्छामि' या शब्दावर संपतं, म्हणजे 'मी जातो'. ती एकदा म्हणून भागत नाही. 'दुतियम्पि' म्हणून दुसऱ्यांदा म्हणायची, 'ततियम्पि' म्हणून तिसऱ्यांदा. "शरण जाताना माणूस तीनदा सांगतो," बाबा म्हणायचे, "तर मंग संसारात जाताना एकदा काऊन?"

एका लग्नात नवरी दोनदा गप्प राहिली आणि तिसऱ्यांदा "नाही" म्हणाली. मंडप भरलेला, रस्सा उकळत होता. बाबांनी बाहेर येऊन सांगितलं की लग्न होणार नाही. ते घरी आले तेव्हा सदऱ्याचा खिसा फाटलेला होता. आई रात्रभर कुरकुरत होती, की तुम्हाला काय पडलंय, पोरीच्या मनातलं लोकांना कळत नाही का. बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले, "नाही कळत. मलाही दोनदा कळलं नव्हतं."

माझ्या लग्नात त्यांनी मलाही खोलीत घेतलं. मी आधीच तापट, त्यात नऊवारीच्या पिना टोचत होत्या. म्हटलं, "बाबा, पत्रिका वाटून झाल्या आहेत."

"पत्रिकेले विचारत नाही. तुले विचारतो."

"हो, हो, हो. झालं?"

"तीन एकदम चालत नाहीत," बाबा म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे अमेरिकेत आणलं, मॉरिसव्हिलला. मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचे पैसे मिळतात, त्यामुळे स्वभाव आणखी बिघडला आहे असं नवऱ्याचं मत आहे. आमचं टाउनहाउस, खाली गराज, वर स्वयंपाकघर, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. बाबांनी खोलीत भिंतीवर दोन तसबिरी लावल्या, आमच्या प्रत्येक घरात असतात त्याच. सकाळी तळ्याभोवती फिरायला जायचे. तिथे बाकावर इतरही आजोबा बसत, पुण्याचे, मुंबईचे, हैदराबादचे. पहिल्याच दिवशी एकाने आडनाव विचारलं. बाबांनी आडनाव सांगितलं, वस्ती सांगितली, आणि तो पुढचं विचारायच्या आत बाकीचंही सांगून टाकलं. मग म्हणाले, "आता तुमचं सांगा." ते काका दुसऱ्या दिवसापासून तळ्याला उलट्या दिशेने फेऱ्या मारायला लागले. बाबांना त्याची गंमत वाटायची. मला वाटत नसे, पण ते सोडा.

माझी मुलगी इथेच युनिव्हर्सिटीत शिकते. तिने पहिल्या वर्षानंतर कॉम्प्युटर सायन्स सोडून प्राचीन ग्रीस घेतलं. ओळखीच्या काकू मला दुकानात कढीपत्ता निवडताना गाठून "पण त्याला स्कोप काय?" असं विचारायच्या, आणि मलाही तेच विचारायचं असल्यामुळे मी त्यांच्यावर भडकायची. शेवटच्या वर्षाला तिने प्रबंधासाठी विषय घेतला तो म्हणजे ग्रीकांच्या पशुबळीत पुजाऱ्याचं काम काय असायचं. घरी येऊन आजोबांना सांगितलं, तर बाबांनी कपाळाला हात लावला.

"आम्ही पुजारी सोडावा म्हणून पिढ्या गेल्या, आणि तू सातासमुद्रापार येऊन पुजाऱ्यावरच लिहितेस!"

"आजोबा, इट्स नॉट द सेम," ती म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. बाबांना इंग्रजी समजायचं, ते उत्तर मराठीत देत. दोघांचं छान चालायचं.

ती शनिवार दुपार मला स्पष्ट आठवते. मी सिंकपाशी मटण धूत होते. बाबा टेबलाशी लसूण सोलत होते, आणि मुलगी त्यांच्यासमोर बसून ग्रीस समजावत होती, तिच्या इंग्रजीत; मी इथे ते बरंचसं मराठीत सांगते आहे. बाबांची खात्री होती की तिथेही पुजाऱ्यांची जात असणार, बापाचा धंदा मुलाकडे, पोथी त्यांच्याच घरात. ती म्हणाली, तसं नव्हतं. काही घराणी होती वंशपरंपरेची, पण बऱ्याच ठिकाणी पुजारी एका वर्षापुरता नेमायचे. त्याला ना पोथी, ना शिक्षण. वर्ष संपलं की तो परत आपल्या शेतावर. देवीच्या देवळात बऱ्याचदा बाईच पुजारीण असायची. काही शहरांत तर हे पद चक्क विकत मिळायचं.

"म्हणजे टेंडर!" बाबा खूश झाले. "आणि घरच्या पूजेला?"

"घरी प्रीस्ट लागतच नसे. घरातला मोठा माणूस करायचा. द फादर, ऑर द ग्रँडफादर."

बाबांनी लसणाची पाकळी माझ्याकडे रोखली. "ऐकलंस? यांना आपल्यासारखं आधीच कळलं होतं."

"तुमच्यासारखं नाही," मी म्हटलं, "ते बकरं कापायचे." "तू काय धुतेस मंग?" बाबा म्हणाले.

मग ती रंगात येऊन पुढचं सांगत गेली. पुजारी स्वतः बहुधा सुरी चालवत नसे, त्याला वेगळा खाटीक असायचा. पुजाऱ्याचं काम म्हणजे वेदीपाशी उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना म्हणायची, हात धुवायचे, सातूचे दाणे उधळायचे, आणि जनावराच्या कपाळावरचे चार केस कापून विस्तवात टाकायचे. तिथून पुढे ते जनावर देवाचं. घाव बसला की बायका एकदम किंचाळायच्या. मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची, मांस शिजवून सगळ्यांनी खायचं, कातडं आणि एक तंगडी पुजाऱ्याला.

"बघ," बाबा मला म्हणाले, "तंगडी शेवटी त्यालेच."

"आणि सुरी दिसू द्यायची नाही," ती म्हणाली. "टोपलीत सातूखाली लपवायचे. एक मुलगी ती टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालायची. आणि मेन थिंग, आजोबा, जनावराची परमिशन घ्यायचे. त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडायचे. ते मान खाली घालायचं, हलवायचं. ते नॉड केलं की इट मीन्स येस."

बाबांचे हात थांबले. "कोणाचं येस?"

"ॲनिमलचं."

बाबा उठले. नळाखाली पेला धरला, टेबलाला वळसा घालून तिच्या मागे गेले आणि तिला काही समजायच्या आत चार थेंब तिच्या डोक्यावर शिंपडले. ती दचकली, मान खाली गेली, डोकं झटकलं तिने.

"झालं," बाबा म्हणाले. "दिली तू संमती. आता आणा सुरी."

ती आधी हसली. मग केस पुसायला लागली. बाबा मात्र खरंच चिडले होते. म्हणाले, "पाणी टाकलं तर कोणीही मान हलवंल. नको म्हणणाऱ्याचं हो करून दाखवायचं, एवढंच या लोकांचं काम. आपल्याकडचा पुजारी काय अन् तिथला काय." मुलगी म्हणाली की तिचे प्रोफेसर म्हणतात हे इतकं सरळ नाही, काही अभ्यासकांच्या मते ती संमती नव्हतीच, जनावर जिवंत, धडधाकट आहे ना एवढंच त्यात बघायचे. बाबा खाली बसले. "मंग ते तरी खरं बोलतात," म्हणाले, आणि पुन्हा लसूण सोलायला लागले. त्या दिवशी मटण छान झालं होतं आणि त्यांनी तसं सांगितलंही.

वसंतात आमच्याकडे पाइनच्या झाडांचा पराग उडतो. गाड्या, पायऱ्या, टपालपेट्या, सगळ्यावर हळद सांडल्यासारखी पिवळी पूड बसते. लोक वैतागतात. बाबांना ती पुसायला आवडायची. सकाळी ओलं फडकं घेऊन ते माझ्या गाडीची काच पुसून ठेवायचे आणि मी ऑफिसला निघताना दारात उभे राहायचे. त्या सकाळी काच अर्धी पुसलेली होती आणि बाबा ड्राइव्हवेच्या कडेला बसले होते, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं आणि काहीतरी बोलायला गेले, पण नुसता आवाज आला.

हॉस्पिटलात पहिले काही दिवस श्वासासाठी घशात नळी होती. मग ती काढली. उजवी बाजू गेली होती, आणि बोलणं गेलं होतं. समजत होतं बरंचसं, असं मला वाटायचं. बोलणं शिकवणारी थेरपिस्ट आली, तिने पाण्याचा पेला दाखवला, चमचा दाखवला, माझ्याकडे बोट दाखवलं. बाबा बघत राहायचे, ओठ जुळवायचे, कपाळावर घाम यायचा, पण शब्द येत नसे. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना तोंडानं बोल म्हणून सांगितलं त्याचं तोंडच काढून घेतलं होतं. मला राग यायचा, आणि राग कोणावर काढायचा ते समजत नसे. मग मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून रडून यायची.

आता त्यांच्याकडे मानच उरली होती. आणि ती आपली मान. इथल्या लोकांना वर-खाली म्हणजे हो आणि डावी-उजवी म्हणजे नाही, एवढंच समजतं. बाबा आपल्यासारखी मान तिरकी डोलवायचे, खांद्याकडे झुकवून. त्यात हो असतं, बरं असतं, कधी 'राहू दे' असतं, कधी नुसतं 'ऐकतोय'. नर्स विचारायची, "येस ऑर नो?" मी सांगायची, हे येस आहे. पुढच्या वेळी तशीच मान हलायची आणि मला ते नाही वाटायचं. डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यानंतर पेशंटच्या हो-नाहीवर तसाही फार भरवसा ठेवता येत नाही.

एका संध्याकाळी मी सवयीने त्यांच्या उशाशी बसून वंदना म्हणायला लागले. दुसऱ्या ओळीला बाबांचा आवाज मिसळला. स्पष्ट शब्द, चाल तीच. सगळं त्रिशरण त्यांनी माझ्यासोबत म्हटलं, दुतियम्पि, ततियम्पि, एकही शब्द चुकला नाही. मी नर्सला ओरडून बोलावलं, मुलीला फोन केला, ती तासाभरात गाडी हाकत आली. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टला सांगितलं तर ती प्रेमाने म्हणाली की असं होतं. पाठ केलेलं, गायलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं. ते आपोआप बाहेर येतं, पण त्याला त्यांचं बोलणं समजू नका. मुलीने विचारलं, "सो इट्स नॉट हिम?" थेरपिस्ट म्हणाली, तसं नाही, पण तो शब्द त्यांनी निवडलेला नसतो. माझी मुलगी तिच्याशी त्यानंतर नीट बोलली नाही. माझ्यावर गेली आहे.

मग छातीत पाणी आणि जंतू. गिळता येत नसल्यामुळे होतं ते. श्वास जड झाला. एका दुपारी डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. इथे डॉक्टर खुर्ची ओढून बसला की बातमी वाईट असते, हे मला तोवर समजलं होतं. ते म्हणाले, परत नळी घालावी लागेल असं दिसतंय. या वेळी ती निघेल असं नाही. पुढे गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन. किंवा नळी न घालता आपण त्यांना त्रास होऊ देणार नाही, एवढंच बघायचं. निर्णय घरच्यांचाच असेल, पण त्यांना काही समजत असेल तर त्यांनाही विचारलेलं बरं. मी विचारलेलं चालणार नव्हतं, घरच्या माणसाने भाषांतर करायचं नाही असा तिथला नियम. चाकांच्या स्टँडवर एक स्क्रीन आणली. त्यात एक मराठी बाई दिसत होत्या, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात आपल्या घरात बसलेल्या, मागे पडदा.

मी एका बाजूला, नवरा पायथ्याशी, मुलगी खिडकीपाशी. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं. नर्स तेवढ्यात ओल्या फडक्याने बाबांचं कपाळ आणि गाल पुसत होती, घाम आला होता त्यांना. स्क्रीनमधल्या बाई म्हणाल्या, "आपणास पुनश्च श्वसनयंत्रावर ठेवावे, अशी आपली इच्छा आहे काय?" मला वाटलं रेडिओवर बातम्या लागल्या. आणि बाबांची मान हलली. तिरकी, खांद्याकडे, एकदा आणि मग अर्धी.

"ही सेज येस," स्क्रीनमधल्या बाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "मला तर ते नो वाटलं."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही, कारण त्या क्षणी मला बाबा जगायला हवे होते, गळ्याला भोक पडलेले, मशीनवरचे, कसेही. मान तर मी हो अशीच वाचली असती. पण खिडकीकडून मुलीचा आवाज आला, मोठा, फाटलेला.

"स्टॉप! शी वॉज वाइपिंग हिज फेस. देअर वॉज वॉटर ऑन हिज फेस. दॅट डझन्ट काउंट!"

नर्स फडकं हातात धरून उभी राहिली. तिला वाटलं तिची काही चूक झाली. डॉक्टरांना काही समजलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. मला समजलं. पाणी शिंपडणारं कोण, सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलणारं कोण, आणि मान हलली म्हणून हो झालं असं सांगणारं कोण, सगळे तिथे हजर होते. सगळी चांगली माणसं होती, आपापलं काम नीट करणारी. मी हात जोडून सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, इंटरप्रिटर तरी राहू दे. मी स्क्रीनचा स्टँड नवऱ्याकडे ढकलला, तो घेऊन नवरा गुपचूप दाराबाहेर गेला, मागोमाग डॉक्टर आणि नर्स. मुलगी जायला तयार नव्हती. तिलाही पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

नर्सने ठेवलेल्या टॉवेलने मी त्यांचं तोंड कोरडं केलं. मग थांबले, त्यांचा श्वास जरा संथ होईपर्यंत. त्यांचा डावा हात हातात घेतला, पण नंतर तो सोडूनही दिला, कारण मी दाबला असता तर त्यांनीही दाबला असता.

"बाबा, मान हलवू नका. मान हलवलेली चालणार नाही. परत मशीन लावायचं, की जायचं?"

ते माझ्याकडे बघत होते. काही नाही आलं. मी मनात दहा गोष्टी म्हटल्या, त्यांतली एक ही की बाबा, कृपा करून मशीन म्हणा.

दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. ओठ हलले. आवाज नाही.

तिसऱ्यांदा विचारायच्या आधी मी 'ततियम्पि' म्हणाले. मुद्दाम नाही म्हणाले. त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा म्हणताना तो शब्द आपोआप येतो. मग विचारलं, "मशीन लावायचं, की जायचं?"

बाबांनी डोकं उशीत मागे रुतवलं. मान जराही हलू नये म्हणून, हे मी शपथेवर सांगते. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. आणि तोंडातून स्पष्ट शब्द आला.

"गच्छामि."

मी वाट बघितली, पुढचं-मागचं येतंय का, वाक्य सुरू होतंय का, चाल धरतायत का. नाही. तेवढा एकच शब्द. मग ते थकून माझ्याकडे बघत राहिले, आणि मी "साधु" म्हणाले, आमच्यात शेवटी म्हणतात तसं. साधु तीनदा म्हणायचं असतं. मला एकदाच जमलं.

बाहेर सगळे उभे होते. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाले? मी इंग्रजीत सांगितलं की ते म्हणाले, मी जातो. डॉक्टरांनी मान खाली घातली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉम्प्युटरकडे गेले. मुलगी माझ्यासमोर आली.

"व्हॉट वर्ड, एक्झॅक्टली?"

मी सांगितला. तिचा चेहरा पडला. "आई, वॉज दॅट द प्रेयर? ऑर वॉज दॅट हिम?"

मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. ततियम्पि मी म्हटलं म्हणून पुढचा शब्द आपोआप आला असेल. किंवा सगळे शब्द गेल्यावर उरलेल्या मूठभर शब्दांतून त्यांनी बरोबर तोच उचलला असेल. मी चुका काढण्यात हुशार आहे, पण ही चूक आहे की नाही ते मला सापडत नाही, आणि ज्याला विचारता आलं असतं तोच माणूस गेला. मी त्याप्रमाणे वागले, एवढं खरं. नळी घातली नाही. मान हलली नव्हती, हे मात्र मी बघितलं आहे, आणि ज्या दिवशी फार जड जातं त्या दिवशी तेवढंच धरून बसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. बाहेर पावसाची सर येऊन गेली होती, गाड्यांवरची पिवळी पूड वाहून गेली होती, आणि खिडकीच्या काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. आम्ही तिघं होतो. श्वास लांब होत गेला आणि पुढचा आला नाही. मी वंदना म्हटली. या वेळी माझ्या आवाजात कोणाचाही आवाज मिसळला नाही.

नर्स कालचीच होती. तिने कोमट पाण्याचं भांडं आणि स्वच्छ फडकं आणून ठेवलं, आणि हळूच म्हणाली, तुम्हाला त्यांचा चेहरा पुसायचा असेल तर. मुलीने फडकं भिजवलं, पिळलं, आणि पलंगाशी जाऊन उभी राहिली. वाकली. फडकं त्यांच्या कपाळाजवळ नेलं आणि थांबली.

"आजोबा," ती म्हणाली, "पुसू का?"

मराठीत. आजोबांनी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला जिने इंग्रजीत उत्तर दिलं, ती मराठीत विचारत होती आणि खरंच वाट बघत होती. तिने पुन्हा विचारलं. फडक्यातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिसऱ्यांदा विचारलं.

मग मीच म्हटलं, "पूस बाळा."

ती वळली. डोळे भरून वाहत होते.

"आई, ते हो म्हणाले नाहीत," ती म्हणाली, आणि फडकं परत भांड्यात ठेवून दिलं.